फायबरचा डबा, नवा राऊटर आणि मोबाईल नंबरचा पासवर्ड

प्रश्न थोडक्यात असा. तिसऱ्या मजल्यावर दोन बीएचके फ्लॅट आहे. केबलवाल्याकडून १०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय. त्याच्या माणसाने दारामागे डबा ठोकला, वायफायचा पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाईल नंबर टाकला, यूट्यूब चालू करून दाखवलं आणि गेला. आतल्या बेडरूममध्ये रेंज नाही, म्हणून तुम्ही बाजारातून वेगळा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारा) राऊटर आणलाय. तो कसा जोडायचा, आणि बाहेरच्या कुणाला आत शिरता येऊ नये म्हणून काय काय करायचं?

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. प्रत्येक डब्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, तो घरात सगळ्यांना पाठ असतो. दुसरा सेटिंग्जच्या पानाचा. तो बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतो, बसवून गेलेल्या माणसाला मात्र असतो, आणि अनेकदा त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डब्यांना तो एकच असतो. नाहीतर कंपनीने दिलेला ‘ॲडमिन’ तसाच राहिलेला असतो. तुमच्याकडे आता दोन डबे म्हणजे चार पासवर्ड. हे चारही तुमच्या हातात आले की निम्म्याहून जास्त काम झालं.

नवा राऊटर खोक्यातून काढण्याआधी भिंतीवरच्या डब्याकडे बघा. त्याला ओएनटी म्हणतात. बारीक पिवळी किंवा पांढरी फायबरची वायर त्यात येते आणि तिथे प्रकाशाचं रूपांतर नेहमीच्या नेटवर्क सिग्नलमध्ये होतं. त्यावर ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा असला पाहिजे. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, आणि तुमच्या बाजूने कितीही सेटिंग बदललं तरी नेट येणार नाही. डब्याच्या सेटिंग्जमध्ये ऑप्टिकल पॉवरचा आकडा दिसतो. बहुतेक घरगुती जीपॉन डब्यांना (जीपॉन हा घरोघरच्या फायबरचा नेहमीचा प्रकार) उणे ८ ते उणे २७ डीबीएम एवढं चालतं. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे १८ ते उणे २४ असेल तर निवांत राहा. उणे २६-२७ च्या आसपास असेल तर नेट मधूनमधून जाणारच, आणि तेव्हा राऊटर बदलून काही होत नाही. जोड साफ करणं किंवा नवा मारणं हे ऑपरेटरचं काम, ते त्याच्याकडूनच करून घ्या. फायबर कपाटामागे दाबू नका, तिचा वळसा साधारण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा छोटा होऊ देऊ नका. उपटलेल्या टोकात डोकावून तर कधीच बघू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण लेझरचा असतो.

आणि ओएनटीच्या मागचं रीसेटचं छिद्र. त्यात पिन घालू नका. तुमच्या स्वतःच्या राऊटरला रीसेट मारणं निर्धोक असतं, पण ओएनटीला मारलं की ऑपरेटरने भरलेला व्हीलॅन नंबर (त्याच्या नेटवर्कमधल्या तुमच्या वाटेचा क्रमांक) आणि पीपीपीओई लॉगिन (कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड) पुसलं जाऊ शकतं. मग दिवे सगळे हिरवे, नेट मात्र बंद, आणि माणूस येईपर्यंत बसून राहायचं.

आता जोडणी. दोन डबे जोडायचे तीन मार्ग आहेत. इथे घाई झाली की पुढे महिनोन्‌महिने त्रास होतो, म्हणून नीट सांगतो.

पहिला मार्ग ब्रिज मोडचा. ऑपरेटरला सांगायचं की ओएनटीचा लॅन पोर्ट १ (लॅन म्हणजे घराच्या आतलं नेटवर्क) ब्रिज करून द्या. मग ओएनटी फक्त प्रकाशाचं रूपांतर करतो आणि बाकी सगळं तुमचा राऊटर करतो. पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड राऊटरच्या वॅन (म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या) पानावर भरायचं. सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच, पण ऑपरेटर तयार असला पाहिजे. यात दोन ठिकाणी गाडी अडते. काही ऑपरेटर कनेक्शन जुन्या डब्याच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवतात, मग लॉगिन बरोबर असूनही जोडणी होत नाही. अशा वेळी नवा मॅक ॲड्रेस त्याला कळवायचा किंवा राऊटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना भरायचा. दुसरं म्हणजे एमटीयू, डेटाच्या एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार. पीपीपीओईची स्वतःची आठ बाइट्सची पट्टी प्रत्येक पाकिटाला लागते, म्हणून १५०० ऐवजी १४९२ ठेवावा लागतो. बहुतेक राऊटर तो आपोआप ठेवतात. पण गूगल, यूट्यूब चालतंय आणि एखाद्या बँकेची साइट मात्र नुसती फिरत राहते, असं झालं तर आधी हा आकडा तपासा.

दुसरा मार्ग, नवा राऊटर राऊटर म्हणूनच ओएनटीच्या मागे लावायचा. ओएनटीच्या लॅन पोर्टातून वायर काढून नव्या राऊटरच्या वॅन पोर्टात घालायची (तो पोर्ट बहुतेक निळा किंवा वेगळ्या रंगाचा असतो) आणि वॅनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ ठेवायचा. याला डबल नॅट म्हणतात (नॅट म्हणजे बाहेरच्या एकाच पत्त्यामागे घरातली सगळी यंत्रं चालवणं, इथे ते दोनदा होतं) आणि लोक त्याला उगीच घाबरतात. अडचण येते ती बाहेरून घरात काही उघडायचं असेल तर, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग किंवा काही गेम. पण आपल्याकडचे पुष्कळ ऑपरेटर तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देतच नाहीत. ओएनटीच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही आधीच ऑपरेटरच्या मोठ्या नॅटमागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग तसंही चालणार नव्हतं. या मार्गाचा फायदा असा की ऑपरेटरचा डबा तुमच्या घरच्या नेटवर्कच्या बाहेर राहतो. त्याचा पासवर्ड कुणालाही माहीत असला, तरी तुमचे लॅपटॉप आणि फोन तुमच्या राऊटरच्या भिंतीआड असतात.

तिसरा मार्ग ॲक्सेस पॉइंट मोड. नवा डबा फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटण्याचं काम जुन्याकडेच राहतं. जुन्या डब्याला प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा रेकॉर्डर वायरने जोडलेला असेल तर हे सोपं पडतं. पण मग तुमची सगळी सुरक्षा त्या ऑपरेटरच्या डब्यावर येते.

तुमच्यासाठी माझं मत दुसऱ्या मार्गाचं. ऑपरेटर ब्रिज करून देत असेल तर पहिला. कोणताही निवडला तरी ओएनटीचं वायफाय बंद करा. ते राहिलं की फोन दाराजवळ जुन्या नावाला चिकटतात आणि बेडरूममध्ये गेल्यावरही सोडत नाहीत, आणि मोबाईल नंबरचा तो पासवर्डही जिवंत राहतो. वायफाय बंद करायचं सेटिंग ओएनटीच्या लॉगिनमध्ये असतं. लॉगिन मिळत नसेल तर ऑपरेटरला फोन करून त्याच्याकडून बंद करून घ्या. काही डब्यांच्या बाजूला त्याचं बटणही असतं.

दुसऱ्या मार्गात एक खड्डा हमखास असतो. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि नव्या राऊटरचाही १९२.१६८.१.१ असेल, तर राऊटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच कळत नाही. काही राऊटर स्वतःच पत्ता बदलतात, काही नुसते गप्प बसतात. म्हणून वॅनची वायर लावण्याआधीच नव्या राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ असा काही करून टाका.

नवा राऊटर ठेवायचा कुठे? ओएनटीच्या शेजारी ठेवलात तर पैसे वाया गेले. बेडरूममध्ये रेंज नाही याचं कारण बहुधा डबा कमकुवत आहे हे नसून तो घराच्या एका टोकाला आहे हे असतं. दारापासून मधल्या पॅसेजपर्यंत दहा-बारा मीटर कॅट-६ वायर ओढा (१०० मीटरपर्यंत चालते) आणि राऊटर तिथे, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको, फ्रिज, आरसा, फिश टँक आणि बाथरूमची टाइल लावलेली भिंत आड येऊ देऊ नका. लोखंड आणि आरशामागचा मुलामा लहरी परतवतात, पाणी त्या शोषून घेतं. जुन्या वाड्याची दगडी भिंत असो की आरसीसीचा खांब, ५ गिगाहर्ट्झला एक पार करतानाच धाप लागते. अँटेना उभे ठेवा. उभ्या दांडीची लहर आडवी, मेदूवड्यासारखी चहूबाजूंनी पसरते, वर आणि खाली कमी जाते. फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं एखादं ॲप टाकून बेडरूममध्ये सिग्नलचा डीबीएम आकडा बघा. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की अडखळतं.

वायरीबद्दल थोडं, कारण इथे लोक फसतात. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर स्पीड टेस्टला ९० ते ९४ आले तर तक्रारीला जागा नाही. पण उद्या प्लॅन २०० किंवा ३०० चा केला आणि आकडा ९४ वरच अडकला, तर प्लॅनवर नाही, वायरवर संशय घ्या. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एक तार प्लगमध्ये नीट चेपली गेली नसेल तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि दिवा तसाच हिरवा राहतो. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी मुद्दाम फुटलेली असते, मधे निळी येते. पहिल्यांदा चेपणारे ती जोडी शेजारीशेजारी बसवतात आणि मग वायर कधी चालते, कधी नाही. क्रम बरोबर असूनही ९४ च येत असेल तर दोन्ही डब्यांचे पोर्ट गिगाबिट आहेत ना तेही बघा. स्वस्त राऊटरवर ‘१२००’ असं मोठ्याने छापलेलं असतं आणि पोर्ट मात्र १०० चेच असतात.

आता सेटिंग्ज. पहिली अर्धी फेरी इंटरनेटची वायर न लावता करा. लॅपटॉप लॅन वायरने राऊटरला जोडा, डब्याच्या पोटावर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पहिलं पान ॲडमिन पासवर्ड मागेल. तो लांब, वेगळा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला ठेवा आणि वहीत लिहून कपाटात ठेवून द्या. हा पासवर्ड वर्षातून चार-पाचदाच लागतो, पाठ करायची गरज नाही. वेळेचा पट्टा भारताचा, अधिक ५:३० निवडा, म्हणजे नोंदींतली वेळ खरी दिसेल.

या पासवर्डचं एवढं का, ते सांगतो. ज्याच्या हाती तो असतो तो डीएनएस बदलू शकतो, म्हणजे तुमच्या बँकेचं नाव टाइप केल्यावर फोनने कुठल्या पत्त्यावर जायचं ते तो ठरवतो. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख डीएसएल मोडेमचे डीएनएस असेच बदलले गेले होते. लोकांच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस होता, पण बिघाड मोडेममध्ये असल्याने त्याला काही दिसलं नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर लाखांनी ताब्यात घेतले, आणि त्याच्याकडे हत्यार काय होतं तर कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी. २०१७ च्या जुलैमध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमना मालवेअरने गाठलं. त्यातही मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम सापडले होते.

ॲडमिन पासवर्ड झाला की वॅनची वायर लावा आणि लगेच फर्मवेअरचं (राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट तपासा. खोक्यातला राऊटर दुकानात किती महिने पडून होता कुणास ठाऊक. अपडेट वायरवरूनच करा, वीज जाण्याची शक्यता असेल त्या वेळी करू नका, आणि फाइल हाताने उतरवून घेत असाल तर डब्याखालचा हार्डवेअर व्हर्जन नंबर जुळवून बघा. एकाच मॉडेलच्या व्ही१ आणि व्ही३ च्या आत वेगळी चिप असू शकते, चुकीची फाइल गेली की डब्याची वीट होते. आपोआप अपडेटची सोय असेल तर पहाटे तीन-चारची वेळ देऊन चालू ठेवा.

मग वायफायचा पासवर्ड. इथे थोडं थांबू.

तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा तो आणि राऊटर चार निरोपांची देवाणघेवाण करतात. पासवर्ड त्यात उघड जात नाही, पण त्यावरून काढलेली एक गणिती खूण जाते. बाहेर जिन्यात बसलेला माणूस ती खूण लॅपटॉपवर टिपून घरी नेऊ शकतो, आणि मग निवांत एकेक पासवर्ड लावून बघू शकतो की कुठल्याने तीच खूण निघते. राऊटरला याचा पत्ताही लागत नाही. वायफायच्या सुरक्षेचा नेहमीचा प्रकार म्हणजे डब्ल्यूपीए२, त्यात प्रत्येक अंदाजाला ४०९६ फेऱ्यांचं गणित करावं लागतं, म्हणून ते सावकाश चालतं. तरी गेम खेळण्याचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात अंदाज लावतं. आपला मोबाईल नंबर दहा अंकी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर. भागाकार करा: ४००० सेकंद, एक तास सात मिनिटं. हा झाला अनोळखी माणसाचा हिशेब. शेजाऱ्याला तेवढंही करावं लागत नाही, तुमचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेच. जन्मतारीख, गाडीचा नंबर, आडनावापुढे १२३ यांची गत याहून वाईट.

याच्या उलट हिशेब बघा. पाच हजार साध्या शब्दांच्या यादीतून पाच शब्द चिठ्ठ्या काढल्यासारखे उचलले, तर त्याच कार्डाला सगळी जुळणी तपासायला सुमारे एक लाख वर्षं लागतील. म्हणजे वांगं, रुळ, छत्री, तेरडा, पोपट असले एकमेकांशी काही संबंध नसलेले शब्द, इंग्रजी अक्षरांत, मधे एकेक आडवी रेघ देऊन. पाहुण्याला तोंडी सांगता येतो, टीव्हीच्या रिमोटनेही भरता येतो. फक्त शब्द मनाने निवडू नका. मन देवाचं नाव, मुलीचं नाव, गावाचं नाव याच वाटेने जातं. शब्दकोश डोळे मिटून उघडा आणि बोट ठेवा. आणि वर दिलेले पाच वापरू नका, ते आता छापून आले.

सुरक्षेचा प्रकार विचारला की ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र निवडा. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये वर सांगितलेली खूण घरी नेऊन अंदाज लावण्याची वाटच बंद केली आहे, प्रत्येक अंदाज राऊटरसमोर येऊनच लावावा लागतो. मिश्र मोडमध्ये जुने फोन डब्ल्यूपीए२ नेच जोडले जातात, म्हणून पासवर्ड तरीही दणकट लागतो. घरातली सगळी यंत्रं नवी असतील तर नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवा. एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा गुप्त करण्याची पद्धत, एईएस ठेवा. यादीत टीकेआयपी दिसलं तर ते कधीही घेऊ नका. ते कच्चं आहेच, शिवाय ते लावलं की नवा राऊटरही जुन्या ५४ एमबीपीएसच्या नियमांवर उतरतो. ‘राऊटर नवा पण स्पीड वीस’ अशा कित्येक तक्रारींचं मूळ यातच असतं.

नेटवर्कचं नाव आडनाव किंवा फ्लॅट नंबरावरून ठेवू नका, पण कारखान्याचंही ठेवू नका. डब्ल्यूपीए२ च्या त्या गणितात नावही मिसळलेलं असतं. जगात हजारो घरांत असणाऱ्या नावांसाठी लोकांनी नेहमीच्या पासवर्डांचं हे गणित आधीच सोडवून तक्ते करून ठेवलेले आहेत. काहीतरी वेगळं, निरुपद्रवी नाव पुरे. नाव लपवण्याने मात्र काही मिळत नाही. लपवलेलं नाव शोधायला तुमचा फोन जाईल तिथे तेच नाव पुकारत फिरतो. मॅक फिल्टरही तसाच कुचकामी: मॅक ॲड्रेस हवेत उघड दिसतो आणि नक्कल करता येतो, शिवाय हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक देतात, म्हणजे फिल्टरचा त्रास तुम्हालाच.

डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून जोडण्याची ही सोय दिसायला छान आहे, पण तिच्यात आठ आकडी पिनही असतो आणि २०११ च्या डिसेंबरात त्याची खोच जगासमोर आली. शेवटचा अंक बाकीच्यांवरून निघणारा, म्हणजे खरे अंक सातच. त्यात राऊटर पहिले चार बरोबर की चूक हे वेगळं सांगतो आणि उरलेले तीन वेगळे. एक कोटी शक्यता असायला हव्या होत्या, त्याऐवजी दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजारच उरल्या. तीन सेकंदाला एक धरला तरी नऊ-सव्वानऊ तास, एक रात्र. तुमचा पाच शब्दांचा पासवर्ड कितीही दणकट असला तरी पिन सापडला की राऊटर तो स्वतःच सांगून टाकतो.

रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे इंटरनेटवरून सेटिंग्ज उघडण्याची सोय, बंद. यूपीएनपी बंद. घरातलं कुठलंही यंत्र न विचारता बाहेरचं दार उघडू शकतं ते यूपीएनपीमुळे, आणि स्वस्त सीसीटीव्ही रेकॉर्डर हे हमखास करतात. एखादा गेम खरंच अडला तर तेवढ्यापुरतं बघू. ओएनटीवरचं टीआर-०६९ मात्र ऑपरेटरच्या देखभालीसाठी असतं, ते तुम्ही छेडू नका. आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचा फायरवॉल चालू आहे ना ते जरूर बघा. तिथे नॅटचा आडोसा नसतो, प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो.

गेस्ट नेटवर्क चालू करा, आणि ते फक्त पाहुण्यांसाठी ठेवू नका. स्मार्ट बल्ब, प्लग, टीव्ही, कॅमेरा, ज्यांना अपडेट येत नाहीत अशी सगळी मंडळी तिकडे पाठवा. गेस्टमधून घरच्या नेटवर्कला हात लावता येणार नाही हे सेटिंग तपासून घ्या. गेस्ट फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि डब्ल्यूपीए२-एईएसवर ठेवलंत तर आणखी एक प्रश्न सुटतो. बहुतेक स्मार्ट प्लगना ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही, आणि दोन्ही बँडला एकच नाव असलं की जोडणी करताना फोन एकीकडे आणि प्लग दुसरीकडे असा घोळ होतो. पासवर्ड गेस्टलाही द्याच. उघडं वायफाय ठेवायचं नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं जो ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायपर्यंत पोचला होता. ते वायफाय वापरलं दुसऱ्यांनी, पण पोलीस आले त्या घरी.

चॅनेलचं चटकन सांगतो. २.४ वर १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली की अर्ध्या इमारतीशी टक्कर होते. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१, रुंदी ८०. देश भारत. ५२ पासून पुढचे काही चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. ते निवडले तर राऊटर चालू झाल्यावर निदान एक मिनिट नुसता ऐकत बसतो आणि ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत नाही. ते बिघडलेलं नसतं.

विजेची बाजू दुर्लक्षित राहते. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट डब्यावर छापलेल्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. १२ व्होल्टच्या राऊटरला जुना ९ व्होल्टचा लावला तर दिवे लागतात, पण दोघं-तिघं व्हिडिओ बघायला लागले की राऊटर स्वतःच बंद होऊन चालू होतो, आणि लोक ऑपरेटरला शिव्या घालतात. भारनियमनाच्या भागात १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण दोन्ही डब्यांना एकदम वीज देणाऱ्या दोन पिना असलेला. नुसत्या राऊटरला दिला आणि ओएनटी विझला तर उपयोग शून्य. आणि तुमच्या इमारतीच्या पोर्चमध्ये किंवा गच्चीवर ऑपरेटरचा नेटवर्क स्विच (घरोघर कनेक्शन वाटणारा डबा) असेल तर त्यालाही वीज लागते, तेही विचारून ठेवा.

सगळं झालं की तपासणी. फोन वायफायवरून काढून मोबाईल डेटावर घ्या आणि ओएनटीच्या स्टेटस पानावर दिसणारा वॅनचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान उघडलं तर रिमोट मॅनेजमेंट अजून चालू आहे (१००.६४ च्या घरातला पत्ता असेल तर बाहेरून काहीच उघडणार नाही, ती चाचणी लागू नाही). मग परत वायफायवर येऊन डीएनएस बघा, वॅनच्या पानावर आणि डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याच्या) पानावर, दोन्हीकडे. तिथे ऑपरेटरचा पत्ता, तुमच्या राऊटरचा स्वतःचा, किंवा तुम्हीच भरलेला १.१.१.१, ८.८.८.८, ९.९.९.९ असा काही असावा. ओळखीचा नसलेला आकडा दिसला तर राऊटर रीसेट मारून सगळं पुन्हा भरा. शेवटी जोडलेल्या यंत्रांची यादी उघडा आणि घरातलं एकेक यंत्र हातात घेऊन ओळखा, प्रत्येकाला नाव द्या. फोनचा बनावट मॅक यादीत अनोळखी दिसतो, म्हणून फोनच्या वायफाय माहितीत दिसणारा मॅक आणि यादीतला जुळवा, घाबरून जाऊ नका.

सेटिंग्जची बॅकअप फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा. तीन महिन्यांनी एकदा फर्मवेअर, डीएनएस आणि ही यादी बघितली की पुरतं. घरकाम करणाऱ्या ताई, ट्यूशनचे सर, भाडेकरू, ज्यांना पासवर्ड दिलाय त्यांच्यातलं कुणी बदललं की फक्त गेस्टचा बदला, मुख्य नेटवर्कला हात लावायची गरज पडत नाही. आणि कधी कनेक्शन बदललंत तर ऑपरेटरचा माणूस ओएनटी काढून नेईल. त्या आधी त्यात तुमच्या वायफायचं नाव-पासवर्ड राहिलं असेल तर ते पुसा, तेव्हा मात्र रीसेटच्या छिद्रात पिन खुशाल दहा सेकंद दाबून धरा.